पाण्यावर तोललेली मिनी: हायड्रोलॅस्टिक होजची दुरुस्ती

(दृश्य: उजव्या बाजूला बसलेली मिनी, समोरून)

चारही टायरमध्ये हवा आहे, तरी ही मिनी उजवीकडे बसली आहे. पुढचं आणि मागचं, उजव्या बाजूची दोन्ही चाकं मडगार्डच्या कमानीत शिरली आहेत. एकच बाजू पुढेमागे सारखीच खाली गेली, की पहिला संशय हायड्रोलॅस्टिकवर, म्हणजे या गाडीच्या द्रवाच्या सस्पेन्शनवर घ्यायचा. या गाडीचं वजन रबर आणि दाबाखालचं पाणी मिळून पेलतात, आणि उजव्या बाजूचं पाणी निघून गेलं आहे.

(दृश्य: उभा कापलेला डिस्प्लेसर)

हा डबा म्हणजे डिस्प्लेसर. प्रत्येक चाकाला एक. असा उभा कापलेला सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून इथे जरा थांबू. वरच्या भागात डब्याला कायमची चिकटवलेली, शंकूच्या आकाराची रबरी स्प्रिंग आहे. मध्ये पत्र्याची आडवी पाटी, तिच्यात रबरी पाकळ्यांच्या झडपा आणि एक बारीक भोक. तळाशी आत धागे विणलेला डायफ्राम, म्हणजे लवचीक रबरी पडदा, आणि त्याला चाकाकडून ढकलणारा पिस्टन. डब्याच्या माथ्यावरच्या तोटीतून होज निघतो. तो गाडीखालच्या पोलादी पाइपला जोडलेला असतो, आणि पाइप त्याच बाजूच्या मागच्या डिस्प्लेसरपर्यंत जातो.

पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की पिस्टन डायफ्राम आत ढकलतो. द्रव झडपांतून वर सरकतो आणि पाइपातून मागे जातो, त्यामुळे गाडीची मागची बाजूही उचलली जाते. नाक वर, शेपूट खाली असं डोलणं होत नाही. झडपांमधून जाताना द्रवाला अडथळा होतो, म्हणून वेगळे शॉक अॅब्सॉर्बर लागत नाहीत. वळणावर मात्र एका बाजूची दोन्ही चाकं एकदमच दाबली जातात. द्रवाला पुढे जायला जागा नाही, मागेही नाही. सगळा भार रबरावर येतो, सस्पेन्शन कडक होतं आणि गाडी फार कलत नाही. एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही, सतत चालणारा पंप नाही. पैसे वाचवत केलेल्या रचनेत इतकी हुशारी क्वचितच सापडते.

ही कल्पना अॅलेक्स मोल्टन यांची. घराण्याचाच रबराचा धंदा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन इथे १९५६ पासून त्यांच्या कंपनीने हे काम हाती घेतलं. १९५९ मध्ये मिनी आली तेव्हा हायड्रोलॅस्टिक तयार नव्हतं, म्हणून तिला नुसते रबरी शंकू बसवले गेले. द्रवाचं सस्पेन्शन आधी आलं ते १९६२ च्या मॉरिस ११०० मध्ये, आणि १९६४ मध्ये मिनी सलूनला, म्हणजे साध्या बंद गाडीला मिळालं. साध्या मिनीवर १९६९ मध्ये परत शंकू आले, आणि १९७१ नंतर कुठल्याच मिनीत हायड्रोलॅस्टिक उरलं नाही.

(दृश्य: होजच्या मुळाशी ओल, टॉर्चच्या उजेडात)

गळती इथे आहे. फेरूल, म्हणजे होज तोटीवर आवळून धरणारी धातूची बांगडी, तिच्या काठाशी. पुढचा होज इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजतो. रबर कडक होतं, आकसतं, फेरूलची पकड सैल पडते आणि द्रव विणीच्या धाग्यांतून झिरपत बाहेर येतो. त्यामुळे ओल दिसते तिथेच भोक असेल असं नाही, धाग्यांवरून ती बोटभर पुढेही निघते. होज सबफ्रेमच्या, म्हणजे चाकं आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या पोलादी चौकटीच्या धारेवर घासलाय का, तेही पाहायचं. गाडीखालचा पोलादी पाइप गंजला असेल तर नवा होज बसवून काहीच साधत नाही, म्हणून तो आधी टोकापासून टोकापर्यंत तपासायचा.

होज गळला की डिस्प्लेसरच भंगारात टाकून गाडीला शंकू बसवायचे, ही जुनी खोड आहे. डबा मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मूळ कारखान्यातून नवे डिस्प्लेसर येणं कधीच थांबलंय. हातभर होजसाठी असा डबा फेकणं हा निव्वळ आळस आहे.

(दृश्य: मागची सबफ्रेम, झडपेची टोपी काढताना)

आधी दाब काढायचा. मिनीत मागच्या सबफ्रेमवर दोन्ही बाजूंना टायरसारखी एकेक झडप असते. आत साधारण २६० ते २९० पीएसआय, म्हणजे १८ ते २० बार दाब असतो. नुसती पिन दाबली तर द्रवाची चिळकांडी थेट डोळ्यात जाईल, आणि मूळ द्रवात अल्कोहोल असल्याने तो पेटतोही. चष्मा घालायचा, झडपेवर नळी चढवायची, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडायचं, मग हळूहळू दाब सोडायचा. गाडी खाली येणार, तेव्हा हात कमानीत नको.

(दृश्य: दोन पाने, युनियन सुटताना)

युनियन, म्हणजे होज आणि पाइप जोडणारा आट्यांचा सांधा, सोडताना दोन पाने हवेत. एकाने पोलादी पाइपाकडची बाजू धरून ठेवायची, दुसऱ्याने होजचा नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला की पाइप पिळला जातो, आणि होजचं काम पाइपाचं काम होऊन बसतं. मग चाकाच्या वरच्या आर्मवरचा स्ट्रट (पिस्टनला ढकलणारा दांडा) आणि टॉवरमधला, म्हणजे सबफ्रेमच्या डिस्प्लेसर बसतो त्या उभ्या भागातला ब्रॅकेट काढायचा, आणि डिस्प्लेसर घड्याळाच्या उलट फिरवून बाहेर ओढायचा. उघड्या तोंडांना लगेच टोप्या. आत गेलेला वाळूचा कण झडपेच्या पाकळीखाली अडकतो.

(दृश्य: ग्राइंडर, फेरूलवर उभी चीर)

सगळ्यात नाजूक काम हेच. १ मिलिमीटर जाडीच्या चकतीने फेरूलला लांबीच्या दिशेने चीर द्यायची, पण आरपार नाही. शेवटचा पापुद्रा छिन्नीने उकलायचा. चकती तोटीला लागली की तोटीवर लांब ओरखडा पडतो आणि नव्या होजखालून द्रव नेमका त्याच वाटेने निघतो. दर काही सेकंदांनी थांबून तोटीवर ओलं फडकं ठेवायचं, कारण चार बोटांवर ती चिकटवलेली रबरी स्प्रिंग आहे. तोटी कापून तिथे आट्यांचा तुकडा वेल्डिंगने किंवा ब्रेझिंगने जोडायची युक्ती सांगितली जाते. ती करायची नाही. उष्णतेने रबराचा सांधा सुटतो आणि डबा खरोखरच भंगार होतो.

उघडी तोटी बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासायची. उभी कधीच नाही.

(दृश्य: व्हर्नियर, होजचे तुकडे)

तोटीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून होज निवडायचा. तारेच्या विणीचा अर्ध्या इंचाचा हायड्रॉलिक होज १६० बार सोसतो, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे वळणाचा. तो १८० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचा नसतो, आणि टॉवरजवळ तेवढी जागा नाही. कापडी विणीचा, कमी दाबाचा पण लवचीक होज इथे जास्त शहाणपणाचा, त्याच्या दाबाचा आकडा मात्र वाचून घ्यायचा. आतलं अस्तर नायट्राइल रबराचं असावं. ते पाणी, ग्लायकोल आणि अल्कोहोलला टिकतं. गाडीच्या कूलंटचा होज आणि स्क्रूची क्लिप या दाबाला चालत नाही. क्लिप कितीही आवळली तरी एखाद्या खड्ड्यात होज तोटीवरून सुटतो.

दुसऱ्या टोकाच्या युनियनचे आटे गेजने तपासून घ्यायचे. चुकीचा नटही पहिले दोन आटे मुकाट्याने घेतो, तिसऱ्यावर अडकतो.

(दृश्य: क्रिम्पिंग मशीनचे जबडे मिटताना)

तोटी किती आत जाणार ती खूण होजवर खडूने करायची, आणि क्रिम्प होईपर्यंत, म्हणजे मशीनने फेरूल चहूबाजूंनी दाबून घट्ट होईपर्यंत, ती फेरूलच्या काठाशीच राहिली पाहिजे. फेरूल किती व्यासापर्यंत दाबायची ते होज बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं, पण तो तक्ता त्यांच्याच तोट्यांसाठी असतो. ही तोटी जुनी, पातळ पोलादाची. म्हणून एकदम शेवटच्या मापाला न जाता थोडंथोडं दाबायचं आणि दर वेळी तोटीच्या भोकात ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी सरकवून पाहायची. आधी सहज जाणारी दांडी अडकायला लागली की तोटी आत दबू लागली. तिथे थांबायचं.

पूर्ण दाबाची चाचणी टेबलावर करायची नाही. पिस्टनचा आधार नसेल तर डायफ्राम फुग्यासारखा फुगून फाटतो. टेबलावर हलक्या दाबाने पाणी भरून फक्त ओल पाहायची. हवेने चाचणी तर नकोच, दाबलेली हवा सुटली तर तुकडे उडतात.

(दृश्य: व्हॅक्यूम पंपाचा काटा)

जुळवणी उलट क्रमाने. होजला पीळ राहता कामा नये, आणि त्याने सबफ्रेमच्या धारेला शिवता कामा नये. मग झडपेवर व्हॅक्यूम पंप लावून हवा काढायची, काटा पाऱ्याच्या २७ इंचांपर्यंत जायला हवा. आत हवा राहिली तर ती दाबली जाते आणि गाडी लिबलिबीत चालते. हा काटा स्थिर न राहता परत फिरला, तर गळती अजून आहे आणि ती द्रव भरण्याआधीच कळली.

मूळ द्रवात पाणी आणि अल्कोहोल जवळपास निम्मंनिम्मं, आणि थोडं गंजरोधक रसायन. आता डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकोलचं अँटीफ्रीझ निम्मंनिम्मं वापरलं तरी भागतं. खनिज तेल एक थेंबही नाही, स्प्रिंगचं रबर त्याने फुगतं.

(दृश्य: गाडी हळूहळू उचलली जाताना)

चाकं जमिनीवर ठेवूनच भरायचं. मॅन्युअलमधला दाब हा अंदाज समजावा. साठ वर्षांचं रबर बसलेलं असतं, त्यामुळे निर्णय उंचीवर घ्यायचा: चाकाच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंतचं उभं अंतर, दोन्ही बाजूंना सारखं. गाडी थोडी पुढेमागे ढकलून, दाबून सोडून, मग मोजायचं.

दाब नसतानाही ही गाडी चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आत चालवता येते, पण ते फक्त गॅरेजपर्यंत.

रात्रभर उभी ठेवून सकाळी उंची पुन्हा मोजायची. एक बाजू थोडी खाली दिसली, तर नव्या क्रिम्पकडे जाण्याआधी झडपेच्या तोंडावर साबणाचं पाणी लावायचं. बहुतेक वेळा जुन्या झडपेचा गाभाच गळत असतो, आणि तो बदलायला एक छोटी चावी पुरते.