किलोला काय घेता?

भोसरी एमआयडीसी, सकाळचे साडेआठ. टेम्पोतून दोन पार्ट्यांचा माल उतरलाय. एकीची १ मिलिमीटर पत्र्याची पॅनल, दुसरीच्या ४ मिलिमीटरच्या बेस प्लेट. फोनवर दोघांचा प्रश्न एकच: "किलोला काय घेता?"

हे पावडर कोटिंगचं शॉप: विद्युतभार दिलेली कोरडी रंगाची पावडर गननं धातूवर मारायची आणि ओव्हनमध्ये भाजून तिचा पक्का थर करायचा. मालक वजनकाट्याकडे जात नाहीत. खिशातून टेप काढतात.

१ मिलिमीटरचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा भरतो पावणेआठ किलोच्या आसपास. ४ मिलिमीटरचा, साडेएकतीस. पण दोन्ही बाजू धरल्या तर कोटिंग करायचं क्षेत्र सारखंच, २ चौरस मीटर. म्हणजे किलोमागे पातळ पत्रा चौपट पावडर खातो. शेजारच्यानं कमी सांगितलं म्हणून सरसकट किलोवर उतरणं लहान शॉपला परवडत नाही, हे आम्हाला इथं उभं राहिल्यावर पटलं.

पावडरची घनता पाण्याच्या दीडपट आणि थर ६० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०६ मिलिमीटरचा धरला, तर एका किलोत कागदावर ११ चौरस मीटर होतात. बूथमध्ये, म्हणजे पावडर मारायच्या खोलीत, तेवढे होत नाहीत, बरीच पावडर उडून जाते. पॅनलच्या आतल्या कोपऱ्याजवळ बघा. विद्युतभारामुळे पावडर कडांवर जमते, कोपरा मात्र कोराच. गनवरचा पोरगा व्होल्टेज उतरवतो, नोझल तिरकी धरतो आणि तोच कोपरा पुन्हा मारतो. ही मजुरी धरायलाच हवी.

जाड प्लेटचं गणित वेगळं. ओव्हनचा काटा २०० अंशांवर गेला, तरी पावडर पिकते ती धातू तापल्यावर. प्लेट तापेपर्यंत गॅस जळतो, मागचे हँगर खोळंबतात. म्हणून तिला चौरस मीटरमागे पावडरचे पैसे तेवढेच, ओव्हनचे जास्त.

तेवढ्यात एक बाई बालवाडीच्या खुर्च्या घेऊन येतात. पिवळा रंग हवाय. "दादा, चारच तर आहेत!"

मालक त्यांना बूथपाशी नेतात. काळी पावडर सुरू आहे. चार पिवळ्या खुर्च्यांसाठी बूथ, गन, पावडरचा होस पाइप सगळं झाडून पुसून काढायचं आणि नंतर काळ्यासाठी पुन्हा तेच. हातात घेतलेला होस ते झटकतात. बोटं काळी होतात.

"ताई, शनिवारी पिवळा लॉट लागतोय. थांबलात तर निम्म्यात करून देतो."

बाई खुर्च्या भिंतीला लावून ठेवतात. मालक चलनावर लिहितात: ४ नग, पिवळा, शनिवार.