गोदाकाठाला उत्सव हवा, पण उचलून ठेवता येणारा

नमस्कार मंडळी!

आज विषय नाशिकच्या गोदा पार्कचा. गंगापूर रोडच्या मागच्या अंगानं गोदावरी नदीच्या कडेकडेनं जाणारा हा पदपथ. अनेक ठिकाणी फरश्या उखडल्यात, गाजरगवत कमरेपर्यंत आलंय, आणि अंधार पडला की इथे यायला घरचे नको म्हणतात. दर काही वर्षांनी नव्या सुशोभीकरणाची घोषणा होते, फोटो येतात, नारळ फुटतो. माझं म्हणणं आज अगदी स्पष्ट मांडते. या काठाला आणखी एक पक्कं बांधकाम नकोय. त्याला दर हिवाळ्यात भरणारा आणि पावसाच्या आधी पूर्ण उचलून ठेवता येणारा कला-संगीताचा उत्सव हवाय.

असं का, ते समजून घ्यायला आधी नदीकडे बघू.

गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. पाणलोटात जोरदार पाऊस झाला की धरणातून विसर्ग सुरू होतो. त्यात धरणाच्या खालच्या भागातला पाऊस मिसळतो, शहरातले नाले मिसळतात, आणि शहराच्या मधोमध नदी बघता बघता चढते. मग नाशिककर क्युसेकचे, म्हणजे सोडलेल्या पाण्याचे, आकडे बाजूला ठेवतात आणि एकच प्रश्न विचारतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला? आपली खरी पूरपट्टी हीच. जुनी माणसं त्याहून वरची खूण सांगतात, काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेची. १९६९ चा पूर त्यांच्या बोलण्यात अजून येतो. आपल्या पिढीनं सप्टेंबर २००८ बघितला, २ ऑगस्ट २०१६ बघितला, ऑगस्ट २०१९ बघितला. २०१६ च्या त्या पुरानं गोदा पार्कवर केलेल्या कामाची काय दशा केली, ते ज्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं त्यांना सांगायला नको.

तेव्हा पार्क ओसाड पडायला देखभाल नसणं हे एक कारण झालं, पण मुळातली चूक आणखी आधीची आहे. जी जागा नदी अधूनमधून मागून घेते, तिथे आपण कायमचं राहायचं म्हणून बांधत गेलो. २००८ नंतर शहरात पूररेषेवर एवढा वाद झाला, तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांना निळी आणि लाल रेषा म्हणजे काय हे माहीत नसतं. साधं आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते. बाग, मैदान, मोकळी जागा असे वापर चालतात. नियमाचा रोख नीट वाचला तर कळतं की या पट्ट्याला मोकळंच राहायचंय. आणि मोकळ्या जागेत माणसं आणायची जुनी, खात्रीची रीत कोणती? जत्रा.

आता थोडं लांब जाऊ. कॅनडातल्या टोरांटो शहराला.

तिथे आँटेरिओ सरोवराच्या काठाला लागून, पाण्यात भराव घालून तयार केलेल्या बेटांवर १९७१ साली एक मोठं उद्यान उघडलं. नाव आँटेरिओ प्लेस. वास्तुकार एबरहार्ड झाइडलर, आणि निसर्गरचना मायकेल हफ यांची. पाण्यावर खांबांवर उभ्या पांढऱ्या इमारती, आणि शेजारी सिनेस्फिअर नावाचा घुमट. जगातलं पहिलं कायमस्वरूपी आयमॅक्स थिएटर ते हेच. एका पिढीचं बालपण तिथे गेलं. मग गर्दी ओसरली, तोटा वाढला, आणि २०१२ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारनं उद्यानाचा बराचसा भाग बंद केला. पश्चिमेकडच्या बेटावर राइड तशाच उभ्या, झाडं वाढलेली, फाटकाला कुलूप.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये ते कुलूप काही दिवसांसाठी निघालं. आर्ट स्पिन नावाचा एक कलागट आणि स्मॉल वर्ल्ड म्युझिक ही संगीतसंस्था यांनी मिळून तिथे ‘इन/फ्यूचर’ नावाचा उत्सव भरवला. १५ ते २५ सप्टेंबर. आर्ट स्पिनचं काम आधीपासून असंच होतं, शहरातल्या पडीक, विसरलेल्या जागा शोधायच्या आणि लोकांना तिथे कला बघायला न्यायचं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी जागा चकाचक करायचा हट्ट धरला नाही. जे मोडकं होतं तेच सामान म्हणून वापरायला घेतलं. मॅक्स डीन या कलाकारानं तिथल्या जुन्या जलराइडमधले बंद पडलेले यांत्रिक पुतळे घेतले आणि त्यांच्यापासूनच कलाकृती केली. लहानपणी ज्यांनी ते पुतळे बोटीतून जाताना बघितले असतील, त्यांना काय वाटलं असेल! त्यांच्या आठवणीचा भंगारात पडलेला तुकडा पुन्हा त्यांच्यासमोर उभा होता.

पण गोष्ट इथे थांबवली तर मी तुम्हाला अर्धवट सांगितलं असं होईल. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याच परिसरात जुन्या पार्किंगच्या जागी ट्रिलियम पार्क हे नवं सार्वजनिक उद्यान उघडलं. सिनेस्फिअरही पुन्हा सुरू झाला. लोक पोहायला, चालायला यायला लागले. आणि २०२१ मध्ये सरकारनं जाहीर केलं की पश्चिमेचं बेट एका युरोपीय कंपनीच्या मोठ्या स्पासाठी दिलं जाणार. नागरिकांनी विरोध केला, कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या बेटावरची ८०० हून जास्त झाडं तोडली गेली. ज्या बेटावर उत्सवानं माणसं परत आणली होती, तेच हे बेट.

नाशिकच्या तपोवनातली झाडं तुटू नयेत म्हणून २०२५ च्या शेवटी जे नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यांना हे ऐकून पोटात कालवल्यासारखं होईल. मलाही झालं.

म्हणून उत्सवाचा विचार करताना मी एक गोष्ट आधी मागते. जागा सांभाळणारी संस्था आधी, मंडप नंतर. मुंबईत काळा घोडा परिसरात असंच झालं. १९९८ मध्ये त्या भागाची काळजी घ्यायला काळा घोडा असोसिएशन उभी राहिली आणि १९९९ पासून कला महोत्सव सुरू झाला. उत्सवातून उभा राहिलेला पैसा त्याच परिसरातल्या जतनाच्या कामांना जायचा, हा त्यातला धागा. गर्दी नऊ दिवस येते, पण तिच्यामुळे वर्षभर जागेला कुणीतरी धनी राहतो. आपल्याकडे गोदा पार्कला धनी कोण? महापालिका कागदावर आहेच. पण दिवा गेला तर तिसऱ्या दिवशी फोन करणारं, फरशी निघाली तर पाठपुरावा करणारं कोण? तेच मंडळ आधी जन्माला घालायचंय.

आता कोणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं आणि मुंबईतलं झालं, नाशिकची संस्कृती वेगळी. मंडळी, यात नाशिकला कोणाकडून काही शिकायची गरज नाही. आपल्याकडे हे किती जुनं आहे बघा.

रहाड. जुन्या नाशकात रस्त्याखाली बुजवून ठेवलेले हे हौद वर्षभर कुणाला दिसतही नाहीत. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात. रंगपंचमी जवळ आली की माती उकरतात, झाकण काढतात, पूजा होते, रंग उकळून ओततात, आणि अख्खी गल्ली त्यात उड्या मारते. शनी चौकाची वेगळी, तिवंध्याची वेगळी, दिल्ली दरवाजाची वेगळी, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बंद करायच्या तयारीला लागतात. पेशवाईपासून चालत आलेली परंपरा ही. शहराच्या पोटात एक जागा राखून ठेवायची, तिच्यावर काहीही बांधायचं नाही, वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून उघडायची. उचलून ठेवता येणारा उत्सव म्हणतेय तो हाच. गोदा पार्कला मी फक्त एवढंच मागतेय की या काठाला शहराची एक मोठी रहाड समजा.

आणि काठावर लोक येतात का, ही शंका असेल तर मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर जा. वसंत व्याख्यानमाला तिथे उघड्यावर, नदीच्या शेजारी भरते आणि तिनं शंभरी गाठलीय. ना वातानुकूलन, ना गुबगुबीत खुर्च्या. माणसं दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी येतात आणि विचार ऐकतात. संगीताचं म्हणाल तर पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची शेवटची वर्षं पंचवटीत काढली, रामनाम आधार आश्रम त्यांनीच इथे सुरू केला. शास्त्रीय संगीत राजवाड्यातून लोकांमध्ये आणणाऱ्या माणसाला हा काठ जवळचा वाटला, यातच आलं सगळं.

बरं, प्रत्यक्षात काय करायचं?

दिवस कुठले, तर डिसेंबर-जानेवारी. पाऊस संपलेला, विसर्गाची धास्ती नाही, आणि नाशिकच्या थंडीत चालायला मजा. सगळं सामान मे अखेरीस काठावरून हललं पाहिजे, ही अट करारातच लिहायची. द्राक्षबागेचा मांडव आपण सगळ्यांनी पाहिलाय. अँगल, तारा, बांबू. या रचना उभ्या करणारे आणि उतरवणारे कसबी हात आपल्या तालुक्यातालुक्यात आहेत. अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नट-बोल्टनं जुळणारा सांगाडा एका आठवड्यात तयार होतो. कलाकारांनी यांच्याबरोबर बसून काम करावं, मुंबईहून तयार वस्तू ट्रकमध्ये घालून आणू नयेत.

कलाकृती काय असाव्यात हे सांगणारी मी कोण, पण काही गोष्टी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. २०१६ च्या पाण्याची पातळी दाखवणारी एक कापडी पट्टी, झाडापासून झाडापर्यंत, सलग. चालताना ती कुठे तुमच्या खांद्याला लागेल, कुठे डोक्याच्या वरून जाईल. मुलं हात उंच करून बघतील, इतकं पाणी? पूररेषेचा नकाशा जे शिकवू शकला नाही ते ही पट्टी दहा मिनिटांत शिकवेल. नदीतून काढलेल्या पाणवेली वाळवून विणलेले पडदे. तांबट आळीतल्या कारागिरांनी ठोकलेली भांडी, त्यांच्या नादावर रचलेलं संगीत. आणि शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी जे घाट जलरंगात रंगवले, त्याच घाटांसमोर बसून आजच्या कला महाविद्यालयातल्या मुलांनी केलेली चित्रं.

आवाजाबद्दल मी कडक आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. काठावर लोकांची घरं आहेत, आजारी माणसं आहेत, अभ्यास करणारी मुलं आहेत. शिवाय नदीत आणि झाडांवर हिवाळ्यात पक्षी असतात, खाली नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ. तेव्हा भिंतीएवढे स्पीकर नकोत आणि पाण्यावर मारलेले लेझरही नकोत. संध्याकाळी पाच ते नऊ, लहान मैफली, ऐकणारा गायकापासून वीस पावलांवर. नाशिक ढोल हवा असेल तर दुपारी, मोकळ्या टोकाला, आधी रहिवाशांना विचारून.

आणि या जागेला ओसाड म्हटलं तरी इथे माणसं आहेत. पहाटे चालायला येणारे आजोबा, गळ टाकून बसलेली पोरं, धुणं घेऊन येणाऱ्या बायका, शेरडं चारणारे. उत्सवाच्या पहिल्या बैठकीत यांना बोलवा. त्यांची वाट अडवून तिकीटखिडकी उभी राहणार असेल तर मी त्या उत्सवाच्या विरोधात उभी राहीन. प्रवेश फुकट ठेवायचा. पैसा लागेल तो प्रायोजक, स्टॉलचं भाडं आणि शहरातल्या देणगीदारांकडून. त्यातला ठरावीक हिस्सा दोनच गोष्टींसाठी बाजूला काढायचा, वर्षभर जळणारे दिवे आणि वर्षभर उघडं, स्वच्छ असणारं स्वच्छतागृह. बायका एकट्या चालायला यायला लागल्या की पार्क जिवंत झाला, मी तरी हीच खूण मानते.

२०२७ च्या सिंहस्थामुळे सध्या सगळी यंत्रणा रामकुंड आणि घाटांच्या कामात आहे. वरच्या काठाकडे कोणाचं लक्ष जाईल असं वाटत नाही, आणि सुरुवातीला ते बरंच आहे. एक छोटा तुकडा घेऊ, दोन पुलांच्या मधला. महापालिकेचं उद्यान खातं, जलसंपदा विभाग आणि पोलीस, या तिघांकडे अर्ज एकाच दिवशी द्यायचे, सोबत सामान हलवण्याची तारीख आणि सफाईची अनामत लिहून. अर्जाचा मसुदा मी मराठीत तयार करतेय, तो व्हिडिओखाली टाकीन. चित्रकार, वादक, फॅब्रिकेशनवाले, काठावर राहणारे, ज्यांना पहिल्या बैठकीला यायचंय त्यांनी कळवा. बैठक काठावरच घेऊ, रविवारी सकाळी, आणि येताना हातमोजे आणा, कारण आधी गाजरगवत काढायचंय.