झिलईखालचा अमोनाइट

मित्रहो, झिलई केलेले अमोनाइट, म्हणजे लुप्त झालेल्या समुद्री प्राण्यांचे दगड बनलेले शंख, ठोक भावाने घ्यायला निघालेला माणूस सर्वांत आधी किलोचा दर विचारतो. पण आपण माल घेतो किलोवर आणि विकतो नगावर, हा या धंद्यातला मूळ पेच आहे. शंभर नगांच्या लॉटमध्ये वीस नग विकण्याजोगे नसतील, तर उरलेल्या ऐंशींना सगळ्यांचा खर्च वाहावा लागतो, म्हणजे प्रत्येक नग सव्वापट महाग पडतो. आणि ते वीस नग कोणते, हे चकाकीमुळे सहज कळत नाही. म्हणून आज मी दराविषयी कमी आणि झिलईखाली काय असते याविषयी जास्त बोलणार आहे.

बाजारात नेहमी दिसणारा माल मुख्यत्वे दोन देशांतून येतो. मादागास्करच्या वायव्येकडील महाजंगा भागातले अमोनाइट सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचे असून ते मधोमध कापून जोडीने विकतात. व्यापारी त्यांना अजून क्लिओनिसेरास म्हणतात, अभ्यासक आता आयोलोसेरास म्हणतात. मोरोक्कोचे काळे, गुळगुळीत नग बहुधा गोनियाटाइट असतात. ते 35 कोटींहून अधिक वर्षे जुने, अमोनाइटचे पूर्वीचे नातलग आहेत. काटेकोरपणे पाहता अमोनाइट नव्हेत. पावतीवर मात्र दोघांचे नाव एकच असते, आणि जाणकार गिऱ्हाईक नेमके तिथेच आपल्याला पकडते.

कापलेली जोडी कशी पाहायची, ते जरा सविस्तर सांगतो. प्राणी शंखाच्या सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राहत असे आणि वाढताना मागे एकेक पडदा घालत जाई. पुढे त्या रिकाम्या कप्प्यांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचे खनिज, साचले. कुठे मधासारखे, कुठे पांढरे, कुठे मध्येच स्फटिकांची पोकळी राहिली. भिंग घेऊन एकेका पडद्याचा माग काढत जावे. खरा पडदा बाहेरच्या भिंतीला जाऊन मिळतो. जिथे तो मध्येच विरतो आणि पुढे एकसारखा तपकिरी लेप लागतो, तिथे कारागिराने राळ भरलेली असण्याचा संभव मोठा. राळेत बारीक गोल बुडबुडे दिसतात, आणि अतिनील दिव्याखाली ती पुष्कळदा दगडापेक्षा वेगळी उजळते. केंद्रातली लहानशी डागडुजी मला गैर वाटत नाही, मात्र ती सांगून विकली पाहिजे.

एकदा माझ्याकडे आलेल्या पेटीत दोन्ही अर्धे आकाराने जुळत, पण पडदे जुळत नव्हते. माल पाठवणाऱ्याने मापे पाहून भलतेच अर्धे एकत्र बांधले होते, आणि मी नमुन्याच्या चार जोड्यांवर विसंबून पैसे मोकळे केले होते. तेव्हापासून नमुना मी पेटीच्या तळातून मागतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी: करवतीचे पाते काही अंश खाऊन टाकते, त्यामुळे खऱ्या जोडीतही दोन बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या तंतोतंत नसतात. पडद्यांची संख्या आणि वळण जुळले की पुरे. किंचित फरकावरून जोडी परत करू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावता आले पाहिजे.

अखंड नगावर झिलई करणे म्हणजे शंख घासून कमी करणे होय. बाहेरचा थर काढला की पडद्यांच्या कडांनी उमटलेली, नक्षीदार पानासारखी शिवणरेषा उघडी पडते. आणखी घासले की तीच रेषा बोथट होत जाते. काही मादागास्करी नगांवर लाल-हिरवी झाक टिकून असते. तिला ‘ओपलाइज्ड’ म्हणण्याची पद्धत आहे, पण त्यात ओपल नसते. तो अरॅगोनाइटच्या, म्हणजे शंखाच्या मूळ खनिजाच्या, पातळ थरांत प्रकाशाने केलेला खेळ असतो. हे नाव आपल्या चिठ्ठीवर उतरवू नये. कॅनडाच्या अल्बर्टातला अमोलाइट ही याच झाकेची रत्न म्हणून मान्यता पावलेली जात आहे. तिथला माल परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. कुठल्याही देशाचा लॉट घेताना निर्यातीचे कागद पैशाआधी पाहावेत.

सोनेरी, पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) अमोनाइट स्वस्तात मिळाले तरी मी मोठ्या संख्येने घेत नाही. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल सुटते आणि नग गोदामातच भुसभुशीत होऊ लागतात. कॅल्साइटचे तसे होत नाही, पण त्याची कठीणता मोहच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर जेमतेम 3 आहे. धुळीतल्या वाळूच्या कणाची ती 7 असते, म्हणून कोरड्या फडक्याने पुसले तरी ओरखडे उठतात, आणि व्हिनेगर लावले तर झिलई खाल्ली जाते. अर्धे एकमेकांना घासू न देता दोहोंच्या मध्ये मऊ कागद घालून जोडी बांधावी, आणि ही अट माल मागवतानाच लिहून द्यावी. पेटी उघडल्यावर निघालेल्या ओरखड्यांची भरपाई मला तरी आजवर कुणी दिलेली नाही.