जुन्या चिठ्ठीतला तोळा

नमस्कार श्रोतेहो. चतुर्थी जवळ आली की गोव्यात घरोघरी दागिन्यांचे डबे बाहेर निघतात. तळाशी शेटनं, म्हणजे सोनारानं, लिहून दिलेली एखादी जुनी चिठ्ठी सापडते: 'पाटल्या, तोळे पाच.' हे पाच तोळे म्हणजे आजचे पाच तोळे नव्हेत, एवढंच आज सांगायचं आहे.

जुन्या वजनांत आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज आपल्या कुंपणावरच्या वेलीलाही लागते. शेंग तडकली की लालभडक, एका टोकाला काळी अशी बी दिसते. दिसायला देखणी, पण जहरी. मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. दाणे सारखे दिसले तरी वजनात थोडं कमीजास्त असतंच. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनला पक्का केला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. रुपयाचं वजनही तेच ठेवलं. आपल्याकडे राज्य पोर्तुगिजांचं, पण १८८१ चा राजा लुईशच्या छापाचा चांदीचा रुपयाही ११.६६ ग्रॅमचाच!

भारतात १९५८ पासून मेट्रिक मापं येऊ लागली, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. आज पेढीवर तोळा म्हटलं की सरळ दहा ग्रॅम धरतात. म्हणजे जुने पाच तोळे ५८.३२ ग्रॅम, नवे पाच तोळे ५० ग्रॅम. वर राहिलेल्या आठ ग्रॅममध्ये चांगली जाड अंगठी होते.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या वाटणीची. मोठ्या मुलीला आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि धाकटीला आता घडवलेली पाच तोळ्यांची मोहनमाळ दिली, की आईला वाटतं, दोघींना सारखं दिलं. धाकटीला कमी गेलेलं असतं, आणि कुणाच्या मनात खोट नसते. म्हणून वाटणी ग्रॅममध्येच करा. जुना दागिना मोडायला नेलात तर तो वितळवण्याआधी काट्यावरचा आकडा स्वतः पाहा. आत लाख भरलेली असेल, खडे असतील, तर ते वजा करून निव्वळ सोन्याचं वजन लिहून घ्या. चिठ्ठीतल्या तोळ्यांवरून सोन्याचा कस, म्हणजे शुद्धता, कळत नाही, तोही तपासून घ्या. नवा दागिना घेताना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण, बावीस कॅरटसाठी ९१६ चा आकडा आणि सहा अक्षरं-अंकांचा हॉलमार्क क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर दुकानात बसूनच पडताळता येतो.