टाळलेले हात

(चित्रकथा काढणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुम्ही आपापली पानं सोबत आणली आहेत, त्यांच्याकडे आपण शेवटी वळू. आधी माझी एक जुनी चित्रकथा तुमच्यापुढे ठेवते. २२ पानांची आहे. मी पूर्ण केलेली ही पहिलीच. कित्येक वर्षं मी ती उघडलीच नव्हती, कारण आठवणीत ती फार वाईट होती. एकदा कपाट आवरताना हाती लागली आणि मी तिथंच जमिनीवर बसून सगळी वाचून काढली. चेहरे वाटले होते तितके वाईट नव्हते. चौकटींची मांडणीही बरी होती. पण काहीतरी खटकत होतं, आणि ते काय हे कळायला मला ती तीनदा वाचावी लागली. त्या २२ पानांत एकही हात नाही.

एक माणूस खिशात हात घालून उभा आहे. दुसऱ्यानं हात पाठीमागे बांधलेत. तिसऱ्याचे हात चौकटीच्या खालच्या कडेनं बरोबर मनगटावर कापले गेलेत. एका प्रसंगात एक बाई पत्र वाचते आहे, तर ते पत्र टेबलावर पसरलेलं आणि ती वाकून वाचते आहे. का, तर पत्र हातात द्यावं लागू नये! मला हात काढता येत नाहीत हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्यामुळे माझी माणसं काही उचलत नाहीत, दार उघडत नाहीत, कुणाला ढकलत नाहीत, कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कथेत काय घडायचं आणि काय नाही, हे माझ्या भीतीनं ठरवून टाकलं होतं.

आज मला एवढंच सांगायचं आहे. प्रगती मोजणं आणि भीती घालवणं ही आपण दोन वेगळी कामं समजतो. माझ्या मते ते एकच काम आहे. कारण आपण काय काय टाळतो ते आपल्या पानांवर स्पष्ट दिसतं, आणि जे काल टाळत होतो ते आज टाळत नसू, तर तेवढी आपली प्रगती झाली.

पण ती नेमकी कुठं बघायची? ‘माझं काम सुधारतंय का?’ असं विचारायला येणारा प्रत्येक जण सगळ्यात चांगलं चित्र दाखवतो. बहुधा मुखपृष्ठ, नाहीतर अख्ख्या पानभर पसरलेला लढाईचा प्रसंग. मी म्हणते, मला तुझं सातवं पान दाखव. दोन माणसं खोलीत बसून बोलताहेत, कुणी उडी मारत नाही, काही कोसळत नाही, असं पान. चित्रकथा वाचायची असते. सुटं चित्र देखणं असूनही पान वाचता येत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

वाचता येतं की नाही हे तपासायला सोपं आहे. पात्रांचे संवाद ज्यांत लिहितो त्या फुग्यांमधले शब्द झाका आणि कथा ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती पान द्या. काय घडलं ते त्याला सांगू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका, हे फार महत्त्वाचं आहे. आपण न राहवून ‘अरे, तो तिचा भाऊ आहे’ असं सांगून बसतो, आणि पान बिचारं परीक्षेला बसायचं राहून जातं. मग शब्द उघडून पुन्हा वाचायला द्या आणि या खेपेला पानाकडे न बघता वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. डोळे कुठं अडले? कुठं मागं फिरले? जिथं मागं फिरले तिथं बहुतेक वेळा फुग्यांचा क्रम चुकलेला असतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. म्हणजे चौकटीत जो आधी बोलणार तो डावीकडे उभा हवा. तो उजवीकडे असला की फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवरून न्याव्या लागतात आणि उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. ही चूक पेन्सिलच्या रेषांवर शाई करताना सुधारत नाही. ती सुधारायची जागा म्हणजे सुरुवातीचं तळहाताएवढं कच्चं रेखाटन. तिथं दहा मिनिटं जास्त घातली तर पुढचे दोन दिवस वाचतात.

दुसरी तपासणी तुमची तुम्हालाच करता येते. तुमच्या पात्रांच्या आकृत्या संपूर्ण काळ्या भरा, नुसती सावली ठेवा. आता कोण कोण आहे ते ओळखू येतं का? येत नसेल तर तुमची पात्रं फक्त केसांमुळे आणि कपड्यांमुळे वेगळी दिसत होती. आणि पान एकदा काडेपेटीएवढं लहान करून बघा. काळं कुठं साचलंय, नजर कुठं जाते, सगळं एका क्षणात कळतं. मी आजही शाई करण्याआधी हे करते.

आता एक अडचण. चित्रकथा हे एक कौशल्य नव्हेच. त्यात रेखाटन आहे, प्रसंगांची निवड आहे, संवाद आहेत, अक्षरं आहेत, काळ्या-पांढऱ्याचा तोल आहे, आणि दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत वाचकाच्या मनात काय घडेल याचा अंदाज आहे. ही सगळी बरोबरीनं वाढत नाहीत. मी निब सोडून ब्रशनं शाई करायला लागले तेव्हा माझी पानं आधीपेक्षा वाईट दिसत होती. सगळं लक्ष ब्रशकडे, त्यामुळे संवाद फुसके आणि अक्षरं वाकडी. त्या वेळी कुणी नुसत्या पानांकडे बघून गुण दिले असते तर मी खाली गेले असं ठरलं असतं. म्हणून एका पानावरून स्वतःचा निकाल लावू नका, आणि महिन्याभरातल्या पानांवरून तर मुळीच नको. माझा बेत असा असतो: एक संपलेली गोष्ट, दुसरी संपलेली गोष्ट, आणि मध्ये निदान सहा महिने.

दुसऱ्याशी तुलना करू नका असं मी सांगणार नाही. ती आपण करणारच. पण कुणाशी करतोय ते नीट माहीत असू द्या. अमेरिकेतलं २०-२२ पानांचं मासिक कॉमिक बहुधा चार-पाच जण मिळून करतात. एक लिहितो, एक पेन्सिल करतो, एक शाई, एक रंग, एक अक्षरं. जपानमध्ये साप्ताहिकात दर आठवड्याला वीसेक पानं देणाऱ्या कलाकारांकडे सहायक असतात. पार्श्वभूमीतल्या इमारती, काळ्या जागा, छटा असं बरंचसं काम त्यांचे हात करतात. तुम्ही रात्री घरी एकट्यानं काढलेल्या पानाची तुलना अशा पानाशी करून रडत असाल, तर ती एका माणसाची एका अख्ख्या चमूशी तुलना आहे.

आणि आपण मोठ्यांचं उमेदवारीच्या काळातलं काम बघतच नाही. चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ ही चित्रपट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू केली आणि जवळजवळ ५० वर्षं सहायकाविना स्वतः काढली. १७,८९७ पट्ट्या. त्यातल्या पहिल्या वर्षाच्या बघा. स्नूपी चार पायांवर चालणारं साधं कुत्र्याचं पिल्लू आहे आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला वाचायला मिळत नाही. जो स्नूपी आपल्याला माहीत आहे, तो काढता काढता सापडला. आधी तो मनात पक्का करून मग पहिली पट्टी काढू असं शुल्झ थांबले असते, तर पहिली पट्टी कधी निघाली असती?

प्रगती म्हणजे जास्त रेषा, जास्त तपशील, जास्त छटा, हा समजही मला मोडायचा आहे. आर्ट स्पीगलमन यांनी ‘माउस’ या चित्रकथेची पहिली आवृत्ती १९७२ मध्ये काढली. तीनच पानांची, छटा आणि तपशील भरपूर असलेली. पुढे १९८० पासून त्यांनी ती मोठी कथा म्हणून क्रमशः छापायला सुरुवात केली तेव्हा रेषा साधी केली. पानं छपाईच्याच आकारात काढली, म्हणजे नंतर लहान करून रेषा नीटस दिसण्याची सोय स्वतःलाच ठेवली नाही, आणि वापरलं साधं शाईपेन. ते काम १९९१ पर्यंत चाललं. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. आपल्या आईवडिलांवर नाझी छळछावण्यांमध्ये काय गुदरलं हे सांगायला त्यांना डायरीसारखं पान हवं होतं. ज्याला जास्त रेषा काढता येतात त्यानं कमी काढायचं ठरवलं. ही प्रगती आपल्या नेहमीच्या मोजपट्टीवर दिसतच नाही.

आता भीतीकडे येते. सगळ्यात जास्त भेटणारी भीती म्हणजे पेन्सिलवर शाई करण्याची. पेन्सिल छान झालेली असते, त्यात जीव असतो, आणि शाईनं तो जाईल असं वाटतं. यावर मी धीर देत नाही, सोय सांगते. पेन्सिलचं पान जपून ठेवा आणि लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ते ठेवून वर दुसऱ्या कागदावर शाई करा. बिघडलं तर कागद बदला. आणि पहिल्या पानापासून शाई करू नका. मधल्या पानापासून सुरू करा, हात तापला की पहिलं पान घ्या. वाचक पहिल्या पानावरून कथा वाचायची की नाही ते ठरवतो, मग ते पान आपण सगळ्यात अवघडलेल्या हातानं का करावं?

टॅबलेटवर काम करणाऱ्यांना ही भीती वेगळ्या रूपात भेटते. तिथं रेषा पुसायला एक बोट पुरतं, म्हणून एकच रेषा चाळीस वेळा काढली जाते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीची पानं मला अगदी निर्जीव वाटायची. मी तिला एक आठवडा रेषा मागे घेण्याचं बटण बंद करून काम करायला सांगितलं. त्या आठवड्यातल्या रेषा डगमगत्या होत्या, पण तिची माणसं पहिल्यांदा श्वास घेताना दिसली. शुल्झ यांच्या हाताला १९८१ मधल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर कंप सुटला होता. शेवटच्या वर्षांतल्या त्यांच्या रेषेत तो उघड दिसतो. ती रेषा मला त्यांच्या तरुणपणीच्या रेषेइतकीच प्रिय आहे.

मोठ्या गोष्टीची भीती मात्र मी घालवायला जात नाही, कारण ती रास्त आहे. ३०० पानांची पहिलीच कथा घेऊन बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण चाळिसाव्या पानापाशी थांबतात. तोपर्यंत त्यांचं रेखाटन सुधारलेलं असतं, पहिली पानं नकोशी वाटतात, ती पुन्हा काढायला घेतात आणि पुढचं राहतं ते राहतंच. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकारानं १९९० मध्ये २४ तासांत २४ पानांची पूर्ण चित्रकथा काढण्याचं आव्हान मांडलं. पुढे जगभर कित्येकांनी ते घेतलं. त्यात चित्रं उत्तम येत नाहीत. पण गोष्ट संपते, आणि संपवायला काय लागतं हे संपवल्याशिवाय कळत नाही. तेवढं जमत नसेल तर चार पानांची गोष्ट करा. चार पानांत सुरुवात, मध्य, शेवट सगळं भेटतं.

पुन्हा त्या हातांकडे येते. कपाट आवरलं त्या रात्री मी वहीत एक यादी केली. हात. घोळका. वरून दिसणारी खोली. पाठमोरा चेहरा. आणि सगळ्यात खाली, बराच वेळ पेन थांबल्यावर लिहिलं: रडणारं माणूस. यादी पूर्ण झाल्यावर मला लाज वाटली नाही, उलट हलकं वाटलं. ‘मला चित्रच येत नाही’ या भीतीपुढं काही करता येत नाही. ‘मला हात येत नाहीत’ यापुढं पुष्कळ करता येतं.

मग मी एक चार पानांची गोष्ट केली. एक म्हातारा सुईत दोरा ओवतो. प्रत्येक पानावर सहा चौकटी, संवाद नाही, आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत हात. आरशापुढं माझेच हात धरून काढले. काही बोटं लांब झाली, एक अंगठा भलत्याच बाजूला गेला. ती गोष्ट मी एका मैत्रिणीला वाचायला दिली आणि तिच्या डोळ्यांकडे बघत बसले. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दोऱ्याचं टोक सुईच्या नाकापाशी येऊन वाकतं. तिथं तिनं घाईनं पान उलटलं. अंगठा तिला दिसलाच नव्हता. तिला दोरा ओवला जातो का ते बघायचं होतं.

त्या दिवसापासून प्रत्येक पान संपलं की मी मागच्या बाजूला पेन्सिलनं दोन गोष्टी लिहिते: तारीख, आणि या पानावर मी काय टाळलं. चौकट जवळून घेतली ती भाव दिसावा म्हणून, की मागची गल्ली काढायचा कंटाळा होता म्हणून? तिथं खरं लिहावं लागतं. कधी कधी टाळणंच बरोबर असतं, तसंही लिहिते. सहा महिन्यांनी पानं उलटी करून नुसत्या त्या ओळी वाचते. एखादा शब्द यायचा थांबला की मला कळतं. ‘हात’ हा शब्द थांबायला तीन वर्षं लागली. ‘घोळका’ अजून येतो. ‘रडणारं माणूस’ मागच्या वर्षी पहिल्यांदा काढलं.

मागं कुणीतरी विचारलं, जुनी पानं फाडून टाकावीत का. नका फाडू. फाडली तर सहा महिन्यांनी बघायचं कशाकडे? ती पुन्हा काढण्याचा मोहही आवरा. फार तर त्यातलं एकच पान निवडा, वर्षातून एकदा नव्यानं काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

चला, आता तुमची पानं काढा. चांगलं पान आत राहू द्या, सातवं बाहेर काढा. शेजारच्याशी अदलाबदल करा, शब्द हातानं झाका, आणि दहा मिनिटं कुणी आपल्या पानाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.