आधी टाचा पाहा

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्या काका-काकूंना ऐकू येतंय ना, नसेल तर पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मी 33 वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात गेली. आज मंडळाने विषय दिलाय की म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं घर चांगलं आहे की नाही हे ओळखायचं कसं.

पहिले शब्दाचा घोळ काढून टाकू. आपल्या नागपुरात नर्सिंग होम म्हटलं की धंतोली आणि रामदासपेठ डोळ्यापुढे येते, बाळंतपण, ऑपरेशन, चार दिवस अ‍ॅडमिट आणि सुट्टी. त्याला 1949 चा कायदा आहे, शहरात त्याचं रजिस्ट्रेशन महापालिकेकडे होतं. मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतेय ते अशा घराबद्दल जिथे माणूस महिनोन्महिने, वर्षानुवर्षं राहतो, ज्याला स्वतः उठता येत नाही, ज्याचं खाणंपिणं, शी-शू, औषध सगळं दुसऱ्याच्या हातात आहे. आता अशी घरं बऱ्यापैकी निघून राहिलीत, बंगला भाड्याने घेतला, बारा-पंधरा पलंग टाकले, बाहेर केअर सेंटरचा बोर्ड. त्यात जीव लावून काम करणारे लोक आहेत आणि नुसता धंदा करणारेही आहेत, आणि बोर्डावरून दोघं सारखेच दिसतात.

अवेडिस डोनाबेडियन नावाचे एक डॉक्टर होते, अमेरिकेत शिकवायचे, त्यांनी 1966 साली उपचारांचा दर्जा कसा मोजायचा यावर एक लेख लिहिला आणि आजही जगभर त्याच मांडणीने विचार होतो. ते म्हणाले तीन ठिकाणी पाहा. एक, तिथे काय काय आहे, म्हणजे जागा, माणसं, सामान. दोन, रोज प्रत्यक्ष काय केलं जातं. आणि तीन, त्याने माणसाचं शेवटी काय झालं. आता आपण घर पाहायला जातो तेव्हा काय पाहतो सांगा. टाईल्स पाहतो, टीव्ही पाहतो, बाग पाहतो, सीसीटीव्ही आहे का विचारतो, गणपतीचा फोटो पाहून बरं वाटतं. म्हणजे पहिल्या खोलीतच फिरून परत येतो, दुसऱ्या-तिसऱ्यात जातच नाही. मी पण असंच केलं, आणि माझं तर कामच हे होतं.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती नंतर नीट उभी राहिलीच नाही. भाऊ पुण्याला, माझी तेव्हा नोकरी सुरू, नाईट ड्युट्या, म्हणून एका ठिकाणी ठेवलं. नाव सांगणार नाही. मी दर रविवारी अकरा वाजता जायची. आई न्हाऊमाखू घातलेली, पावडर लावलेली, खुर्चीत बसवलेली, पायावर शाल. मी तास-दीड तास बसायची, संत्रं सोलून द्यायची, आणि समाधानाने परत यायची. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी डिसेंबरची थंडी होती, मी तिच्यासाठी लोकरीचे मोजे नेले आणि म्हटलं मीच घालून देते, शाल बाजूला केली आणि उजवी टाच हातात घेतली तर ती काळीनिळी, मऊ, आतून पाणी भरल्यासारखी. मी ती टाच हातात धरून किती वेळ बसले मला माहीत नाही. आई म्हणाली, अगं दुखत नाही तिथे. ते न दुखणंच वाईट असतं.

वॉर्डात मी शेकडो टाचा पाहिल्या होत्या आणि आपल्या आईची पाहिली नाही. का, तर शाल इतकी नीट घातलेली होती. म्हणून आज मी जे काही सांगणार आहे त्यात पहिलं हेच, की दर्जा बिल्डिंगमध्ये नसतो, अंगावर असतो, आणि तो झाकलेल्या जागी असतो. टाचा, माकडहाड, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू. तिथे बोट दाबून पाहायचं. दाबल्यावर चांगली कातडी क्षणभर फिकी पडते आणि परत रंग येतो. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल तर समजायचं की बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी झाली, अशा चार पायऱ्या असतात आणि चौथीत हाडापर्यंत जातं. आता एक गोष्ट पुस्तकात उशिरा आली पण आपल्यासाठी महत्त्वाची, सावळ्या अंगावर हा लालपणा दिसतच नाही. तिथे जांभळट झाक, आजूबाजूपेक्षा गरम लागणं, कडक किंवा पिळपिळीत लागणं, हे हाताने कळतं. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, हात फिरवा. लाज वाटायचं काही कारण नाही, आईच आहे आपली.

आता हे होतं कशाने, तर एकाच कुशीवर पडून राहिल्याने. साधारण नियम असा की ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. हवेची गादी, ज्याला अल्फा बेड म्हणतात, ती मदत करते पण तिने कूस बदलायचं काम संपत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी मी ती गादी पाहिलीय, पण मोटरचा प्लगच काढून ठेवलेला. जाल तेव्हा खाली वाकून प्लग पाहा.

हा हिशेब माझ्यासोबत करा जरा. समजा घरात झोपून असलेली 12 माणसं आहेत. एकाची कूस बदलायची, चादर ओढून सरळ करायची, डायपर पाहायचा, पाठीमागे उशी लावायची, नीट केलं तर दहा मिनिटं. 12 माणसांचे 120 मिनिटं, म्हणजे बरोबर दोन तास. म्हणजे शेवटच्या पलंगावरून उठलं की लगेच पहिल्याकडे जायचं. पाणी प्यायला वेळ नाही, आणि कोणी मावशी म्हणून हाक मारली तर ओ द्यायलाही नाही. शिवाय अंगाने जड माणसाला एकट्याने वळवता येत नाही, दोघं लागतात, एकटीने ओढलं तर चादरीवर घासून कातडी सोलून निघते. तेव्हा मालकाला स्टाफ किती असं विचारू नका, तो दहा म्हणेल, त्यात ड्रायव्हर आणि स्वयंपाकवाली पण आली. विचारायचं, रात्री दोन वाजता माझ्या आईच्या मजल्यावर जाग्या असलेल्या किती जणी असतात आणि त्यांच्याकडे झोपून असलेली माणसं किती. याचं उत्तर जो लगेच आणि नीट देतो त्याच्याशी पुढे बोलावं.

अमेरिकेत सरकार 2008 पासून नर्सिंग होमना एक ते पाच स्टार देतं, तपासणीचे मार्क, स्टाफ आणि पेशंटच्या तब्येतीचे आकडे असं तिन्ही मिळून. तिथेही सुरुवातीला स्टाफचा आकडा नर्सिंग होम चालवणारेच भरून द्यायचे. नंतर तो पगाराच्या नोंदीवरून घ्यायला लागले, कारण सांगितलेला आकडा आणि ज्यांना पगार दिला त्यांचा आकडा एकच असेल असं नाही. आपल्याकडे स्टार नाहीत, पण ही युक्ती आपल्याला जमते. मावशीलाच विचारायचं, ताई तुम्ही इथे कधीपासून, काल रात्री ड्युटीला कोण होतं, तुमच्यासोबत दुसरी कोण होती. सहज, चहा घेता घेता. दर दोन महिन्यांनी मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोकडून नवीन चेहरा येत असेल तर तुमच्या बाबांना कोणता कान ऐकू येतो हे त्या घरात कोणालाच माहीत नसणार. आणि ज्या मावशीला बारा तास उभं ठेवून पगार वेळेवर देत नाहीत तिच्याकडून आपण मायेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची, हे मला फार मनापासून वाटतं.

जेवणाचं. तिथलं जेवण आपण एकदा चाखतो, छान आहे म्हणतो आणि येतो. पाहायचं असतं ते भरवणं. ज्याला गिळायला त्रास आहे त्याला भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो, पूर्ण बसवून भरवायचं आणि नंतरही अर्धा तास बसूनच ठेवायचं, नाही तर अन्न श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. एक मावशी तीन ताटं घेऊन तीन पलंगांमध्ये चमचा फिरवत असेल तर काय समजायचं ते समजा. दुसरं, रात्रीचं जेवण किती वाजता आणि सकाळचा नाश्ता किती वाजता. स्टाफच्या सोयीने साडेसहाला जेवू घालतात आणि नाश्ता नऊला, मोजा किती तास झाले, साडेचौदा. अमेरिकेतल्या नियमात हे अंतर साधारण 14 तासांच्या वर जाऊ देत नाहीत. तुमच्या आईला शुगरची गोळी चालू असेल तर हा प्रश्न जास्तच मोठा. आणि वजन. दर महिन्याला वजन करता का, वही दाखवा. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो गेलं, किंवा सहा महिन्यात पाच किलो, तर ते वयाने होतं म्हणून सोडून द्यायचं नाही. जो उभा राहत नाही त्याचं वजन कसं करता विचारा, खुर्चीचा काटा असतो, नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहिता येतो. अजिबातच काही लिहिलेलं नसेल तर ते घर बिनकामाची बाग दाखवतंय.

आपला मे महिना तर तुम्हाला सांगायला नको. पारा 45 च्या वर, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, शरीराला पाणी हवं असतं पण ते कळत नाही. त्यात काही लोक मुद्दाम पाणी कमी देतात, डायपर कमी बदलावे लागतात म्हणून. मी हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं सांगतेय. जीभ पाहा, ओली आहे का. लघवीची नळी घातलेली असेल तर तिच्या पिशवीतला रंग पाहा, चहासारखा असेल तर पाणी कमी पडून राहिलंय. पिशवी जमिनीवर पडलेली नको आणि पेशंटच्या कमरेच्या वर टांगलेली तर मुळीच नको. आणि मुळात ती नळी का घातलीय हे विचारा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून की चादरी ओल्या होतात म्हणून. ग्लास कुठे ठेवलाय तेही पाहा. एका काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं, लकवा, आणि पाण्याचा ग्लास रोज भरून डाव्या बाजूच्या टेबलावर. नोंदीत मात्र लिहिलेलं, पाणी दिलं.

औषधांबद्दल थोडक्यात सांगते. डॉ. मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नये अशा औषधांची यादी केली, आणि ती नर्सिंग होममधल्या माणसांसाठीच केली होती, पुढे सगळीकडे वापरायला लागले. त्यात झोपेच्या काही गोळ्या आहेत, गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्या आहेत. तुमचे बाबा दुपारी चारला गेलं तरी पेंगलेले, जीभ जड, आणि घरी असताना असे नव्हते, तर औषधाचा चार्ट मागा, फोटो काढा आणि आपल्या डॉक्टरला दाखवा. मनगटं पाहा, पट्टीचे वळ आहेत का. बांधून ठेवणं हे काही ठिकाणी इतकं सवयीचं झालंय की विचारलं तर सांगतात, पडू नये म्हणून बांधतो. आणि कोणी छातीठोकपणे सांगितलं की आमच्याकडे आजवर कोणी पडलंच नाही, तर मला त्या घराची जास्त भीती वाटते. म्हातारी माणसं चालली की कधीतरी पडतात. चांगलं घर सांगतं की हो, मागच्या महिन्यात दोघं पडले, एक बाथरूममध्ये पडले म्हणून तिथे दांडा लावला, हा पाहा.

पुढे बसलेल्या काकांनी चिठ्ठी पाठवलीय, वास येतो का हे पाहायचं का. हो, पण ताज्या लघवीचा वास एखाद्या खोलीत आला तर घाबरू नका, तो कोणत्याही घरात येतो. पडद्यात आणि गादीत मुरलेला वास वेगळा, आणि फिनाईलचा इतका वास की डोळे चुरचुरतात, तोही मला आवडत नाही.

दुसरी चिठ्ठी, काही चुकीचं दिसलं तर काय करायचं. पहिले फोटो, तारीख, आणि लेखी तक्रार मालकाकडे. ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फोन करायला पैसे लागत नाहीत. जखम असेल तर तक्रारीची वाट पाहू नका, पहिले माणसाला दवाखान्यात हलवा. मी आईला त्याच दिवशी हलवलं, टाच भरून यायला चार महिने लागले.

नंतर जे घर सापडलं ते दिसायला काहीच नव्हतं. फरशी जुनी, कूलर आवाज करणारा. मी सकाळी सहा वाजता न सांगता गेले तर दार उघडलं, आत या म्हणाले, थांबवलं नाही. एक मावशी एका आजींची कवळी धुवून वाटीत ठेवत होती, मग तिने त्यांचा चष्मा घेतला, पदराने नाही, ओल्या कपड्याने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, परत पुसला आणि मग त्यांच्या डोळ्यांवर चढवला, आणि म्हणाली, आता पाहा सुमनताई, आज ऊन पडलं. नाव घेऊन. आधीच्या ठिकाणी आईला चार नंबर म्हणायचे.

तिथे त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, आईबद्दल लिहून द्या. तुम्ही इथे बसलेले अर्धे लोक साठीच्या पुढचे आहात, पाय चालताहेत तोवर अशी दोन-चार घरं स्वतः पाहून या आणि हा कागद आपल्या हाताने लिहून मुलांकडे देऊन ठेवा, त्यांना ह्यातलं बरंच माहीत नसतं. मी आईचा लिहिला होता तो असा. उजव्या कानाने ऐकू येतं. डाव्या कुशीवर झोप लागते, पण टाचेखाली उशी द्या. चहा बशीत ओतून लागतो, साखर दीड चमचा. अंघोळ पुरुषाच्या हातून नको. रात्री दिवा पूर्ण मालवू नका, ती घाबरते.