सेलमध्ये दिसतं ते आणि असतं ते

पडद्यावर एक्सेलचे तीन सेल, म्हणजे चौकोन, आहेत. वर २, त्याखाली २, आणि बेरीज ५. फॉर्म्युला बरोबर आहे, एक्सेलही बिघडलेलं नाही. आता दशांश स्थळं एकाने वाढवूया. २.४ अधिक २.४, म्हणजे ४.८. आपण दशांश लपवले होते, म्हणून प्रत्येक सेल जवळचा पूर्ण आकडा दाखवत होता. फॉरमॅटिंगने आकड्याचं रूप बदलतं, किंमत जशीच्या तशी राहते.

तारखेची गंमत तर याहून मोठी. १ जानेवारी २०२४ टाइप करा आणि फॉरमॅट जनरल करा. तारीख गायब, जागी ४५२९२! १ जानेवारी १९०० ला १ धरून एक्सेल दिवस मोजत आलंय. त्यात एक दिवस जास्तीचा आहे, कारण ते १९०० ला लीप वर्ष समजतं. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामकडून आली आणि जुन्या फायली चालाव्यात म्हणून मुद्दाम ठेवली गेली. आत आकडा असतो म्हणूनच एका तारखेतून दुसरी वजा करता येते.

ठळक अक्षरं, बॉर्डर, रंग हे हवं तसं करा. फक्त माहितीच्या मधोमध सेल मर्ज करू नका, सॉर्ट करताना अडाल. आणि रंगावर अर्थ सोपवू नका. ग्रंथालयाच्या यादीत पिवळी ओळ म्हणजे पुस्तक परत आलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक. अटीत बसणारे सेल मोजणाऱ्या काउंटइफ फॉर्म्युलाला रंग वाचता येत नाही. ‘स्थिती’ नावाचा वेगळा कॉलम करा आणि रंगाचं काम कंडिशनल फॉरमॅटिंगला, म्हणजे अटीनुसार आपोआप रंग देणाऱ्या सोयीला, द्या.

याच यादीत प्रत्येक नोंदीसोबत सभासदाचा पत्ताही लिहिलाय. पत्ता बदलला, एक ओळ दुरुस्त करायची राहिली, की एकाच माणसाचे दोन पत्ते. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, ते अशा गुंत्यावर लागू पडतं. सभासद एका टेबलात, पुस्तकं दुसऱ्यात, देवघेव तिसऱ्यात. पत्ता एकदाच लिहायचा. देवघेवीत फक्त सभासद क्रमांक आणि पुस्तक क्रमांक. सभासदांच्या टेबलात सभासद क्रमांक प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख; देवघेवीत तोच फॉरेन की, म्हणजे त्या ओळीकडे बोट दाखवणारा.

अशी टेबलं ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये करता येतात. त्याच्या रिलेशनशिप्स खिडकीत सभासद क्रमांक ओढून देवघेवीतल्या क्रमांकावर सोडा. रेफरेन्शियल इंटिग्रिटीवर टिक करा. रेषेच्या एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला अनंताचं चिन्ह: सभासद एक, नोंदी कितीही. आता यादीत नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक देताच येणार नाही. चूक दाखवणारा संदेश आला की शिकणारे वैतागून ती टिक काढतात. काढू नका, तो संदेश आपलं कामच करतोय. मात्र कॅस्केड डिलीटची टिक इथे नको. सभासद काढताच त्याच्या देवघेवीच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील.

संबंध जोडताना ॲक्सेस अडलं, तर आधी दोन्हीकडचा डेटा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, बघा. सभासदांच्या टेबलात ऑटोनंबर (आपोआप पडणारा क्रमांक) असेल, तर देवघेवीत नंबर, त्यातही लाँग इंटिजर (पूर्णांक) हवा. तिथे शॉर्ट टेक्स्ट, म्हणजे मजकुराचा प्रकार, राहिलं असेल तर डोळ्यांना दोन्हीकडे ७ च दिसेल, पण ॲक्सेसच्या लेखी एक आकडा आहे आणि दुसरा मजकूर.